प्रबंधाची पक्की जिल्द

पीएच.डी.चा प्रबंध मरून रंगाच्या जिल्दीत सादर करावा, असं विद्यापीठाचं परिपत्रक म्हणतं. मरून म्हणजे नक्की कोणता, हे ते म्हणत नाही. एवढ्याशा मोकळ्या जागेत माझी अब्रू, एका गावची नाली आणि एक देवाचा ग्रंथ असे तिघं अडकतील, याची कल्पना परिपत्रक लिहिणाऱ्याला नसावी. मलाही नव्हती. मी आपला परभणीच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. विद्यार्थी वर्गात आले तरी मला धक्का बसतो, इतका साधा माणूस.

'ग्रामीण सार्वजनिक स्वच्छतेविषयी नागरिकांची मनोवृत्ती : एक समाजशास्त्रीय चिकित्सा' हा माझा विषय. विषय घेतला तेव्हा आमची निकिता बालवाडीत होती, आता तीच मला "बाबा, अभ्यास झाला का?" असं विचारते. मुदतवाढीला मुदतवाढ जोडून झाली होती. ही शेवटची. ती हुकली की नोंदणी रद्द, आणि मग कॉलेजात बिगर-डॉक्टर असे दोघेच उरणार होतो, मी आणि शिपाई. त्यातही शिपायाला "झालं का?" असं कुणी विचारत नाही.

प्रबंध टंकून, छापून, मार्गदर्शकांची सही घेऊन तयार झाला. आता फक्त बांधायचा होता. हे 'फक्त' मी शेजारच्या योगीराजांसमोर उच्चारलं, तिथून सगळं सुरू झालं. योगीराज पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी अडवायची सवय गेल्यामुळे आता माणसं अडवतात.

"स्पायरल करा सर," ते म्हणाले. "उघडायला सोपं पडतं."

"प्रबंध कुणी उघडत नाही."

"मंग तर चारी बाजूंनी शिवून टाका. झंझटच न्हाई."

मरूनचा उलगडा करायला मी विद्यापीठात गेलो. तिथल्या बाबूने खिडकीकडे बोट केलं. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत कुणाचा तरी डॉक्टरी प्रबंध खोचला होता. उन्हाकडची बाजू गुलाबी झाली होती, आतली वांग्यासारखी.

"असा रंग पाहिजे," बाबू म्हणाला.

"कोणत्या बाजूचा?"

"मधला."

हा मधला रंग घेऊन मी जुन्या मोंढ्यामागे परमेश्वरच्या दुकानात गेलो. परमेश्वर हा परभणीतला शेवटचा खरा जिल्दसाज, हे मला खुद्द परमेश्वरनेच सांगितलं. दुकानात लईचा, म्हणजे पिठाच्या खळीचा, आंबूस वास, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत, मधोमध लोखंडी शिकंजा. शिकंज्यात कोर्टाच्या फायली, लग्नाचे अल्बम, शाळेची हजेरीपुस्तकं असं जे येईल ते एकमेकांच्या उरावर दाबून ठेवलेलं. समाजात समता कुठे आहे असं मला कुणी विचारलं, तर मी त्या शिकंज्याचा पत्ता देईन.

"माझ्या उस्तादाच्या उस्तादानं निजामाच्या कचेरीची दफ्तरं बांधली, सर," परमेश्वर म्हणाला. "आतला कागद वाळवीनं समदा खाल्ला. जिल्द आजबी उभी हाय."

"मग आत काय राहिलं?"

"ते आपलं खातं न्हाई. आपलं खातं जिल्दीचं."

मी त्यावर हसलो. माणसाला संकट समोर उभं राहून आपली ओळख करून देतं आणि माणूस हसतो.

मग त्याने मला कारागिरी समजावून सांगितली. आजकालचे लोक कण्याला गोंद फासून मोकळे होतात. तो टोच्याने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो. लईत मोरचूद घालतो, म्हणजे कसर लागत नाही. शिवलेला ठोकळा वेगळा, पुठ्ठ्याला रेक्झिन चढवून सोनेरी अक्षरं ठोकलेलं कव्हर वेगळं. शेवटी दोघांची गाठ घालून शिकंज्यात टाकायचं. "एकदा बसलं की मी म्हणलो तरी निघायचं न्हाई," तो म्हणाला. मला हे फार आवडलं. माझ्या आयुष्यात एवढी पक्की गोष्ट दुसरी नव्हती. अडचण रंगाचीच होती. मी नमुने पाहून पाहून नाकारत गेलो. हा विटकरी, हा डाळिंबी, हा तर सरळ लग्नपत्रिकेचा. अखेर परमेश्वरने कंटाळून मला पाहिजे त्या रंगाच्या रेक्झिनचा अख्खा गठ्ठा बाहेरून मागवला.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी चार प्रती हातात पडल्या. काय ते रूप! मी वरची प्रत उघडून पाहिली, हुंगली, पुन्हा पाहिली. बाकीच्या तीन उघडल्या नाहीत. प्रबंध कुणी उघडत नाही, हे माझंच वाक्य.

सकाळी निघायच्या आधी प्रती देवापुढे ठेवून राजेश्रीने त्यांना हळद-कुंकू वाहिलं. आमच्याकडे मिक्सर आला तरी त्याला कुंकू लागतं. मी बूट घालत होतो.

"अहो," ती आतून म्हणाली, "तुमचं लिखाण सुधारलंय की!"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने कौतुक केलं, की माणूस आधी घाबरतो.

"काय वाचतेस?"

"'आता वंदू गुरुमाय, जिने दाविले मज पाय । तिचे ऋण फेडू काय, अज्ञान मी ॥' पहिल्यांदा तुमचं काहीतरी समजायलंय बघा."

मी एका पायात बूट घालून देवघरात गेलो. तिथे बूट घालून जाऊ नये हेही तिने सांगितलं नाही, इतका माझा चेहरा उतरला होता. कव्हरवर सोनेरी अक्षरांत माझं नाव. आत मोठ्या अक्षरांत ओव्या. पानामागून पान ओव्या. मनोवृत्ती नाही, चिकित्सा नाही, तक्ते नाहीत. बाकीच्या तीन प्रती धडाधड उघडल्या. त्या माझ्या होत्या. हरवली होती ती मूळ प्रत, जिच्यात मार्गदर्शकांची शाईची सही आहे आणि जिच्यावाचून विद्यापीठ बाकीच्या तिघींना हात लावत नाही. मार्गदर्शक स्वतः लेकीकडे परदेशी गेलेले. त्यांना फोन लावला तेव्हा एका बाईने मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी ऐकवलं. बहुधा सांत्वन असावं.

योगीराजांची जुनी मोटार होती. ते म्हणाले, "चला, मी हाय ना," आणि माझी भीती दुप्पट झाली.

परमेश्वर शांतपणे कडबोळं खात होता. त्याने प्रत हातात घेतली, कण्यावर अंगठा फिरवला, कोपरे दाबून पाहिले.

"जिल्द तर एक नंबर बसलीय."

"आतलं बघ!"

त्याने आतलं बघितलं, आणि नातेवाईक भेटल्यासारखा त्याचा चेहरा फुलला. "आरं, हे तर लिंबाजीबुवाचं! पिंगळीच्या पुढल्या गावचे. त्यांच्या महाराजांचं चरित्र हाय. मठातली हाताची पोथी, कुणाला अक्षर लागंना, म्हणून मोठ्या अक्षरात टाइप करून झेरॉक्स मारली. तुमच्यासाठी आणलेला गठ्ठा उरला हुता ना, त्यातच बांधलं. तुमचाबी कागद तेवढाच, जाडीबी तेवढीच. शिकंज्यात दोघं एकावर एक झोपलेले."

"अरे, पण कव्हर चढवताना वाचून बघायचं ना!"

"वाचत बसलो तर बांधू कवा, सर?"

हे उत्तर मला तर्काच्या कोणत्याच पुस्तकाच्या आधारे खोडता आलं नसतं. निदान बुवांकडच्या प्रतीतलं सहीचं एक पान सोडवून माझ्या दुसऱ्या एखाद्या प्रतीत बसवता येईल का, असं मी विचारलं. परमेश्वर दुखावला. "माझं शिवलेलं पान? सर, मलाबी निघायचं न्हाई." मग कडबोळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "बिगी बिगी जा. बुवांचा सप्ताह आजच बसायलाय."

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कारणं पुढे येतीलच. एक मात्र सांगतो, माझ्या प्रबंधात ते नाव आहे. प्रश्नावली घेऊन मी ज्या गावांत हिंडलो त्यांतलंच ते, आणि निष्कर्षांच्या प्रकरणात त्याला स्वतंत्र परिच्छेद आहे. हे मला पिंगळीचं रेल्वे फाटक ओलांडताना आठवलं. योगीराज वाटेत सांगत होते, की त्यांच्या साहेबांची अशीच एक फाईल मुंबईला जाऊन हरवली आणि पुढे त्या धरणाचं कामच झालं नाही. मी ऐकत नव्हतो.

गाव दिसायच्या आधी गाव ऐकू आलं. लाउडस्पीकर. टाळ. आणि संथ, घोळून घोळून, शेवटचा शब्द लांबवत म्हटलेलं...

"सदर संशोधनाच्या अनुषंगानेऽऽ, यादृच्छिक नमुना निवड पद्धतीचाऽऽ, अवलंब करण्यात आलाऽऽ आहे."

टाळ वाजले.

मोटार थांबली. योगीराज माझ्याकडे बघायला लागले. माझ्या वाक्यांना चाल लागू शकते, हे मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्या परिच्छेदावर मार्गदर्शकांनी 'क्लिष्ट' असा शेरा मारला होता, तो आख्खा गाव हात जोडून ऐकत होता.

देवळापुढे मांडव. मांडवात चौरंग, चौरंगावर महाराजांच्या नावाच्या जिल्दीत, हार घातलेला माझा प्रबंध, त्यामागे डोळे अर्धे मिटून लिंबाजीबुवा. मी आत घुसणार तोच दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या शर्टाचं टोक धरलं. या सगुणाबाई.

"वाचन चालू हाय. खाली बसा."

"मावशी, तो ग्रंथ चुकीचा आहे."

"ग्रंथ चुकीचा नसतो, बाबा. आपली समज चुकती." आणि मग आवाज खाली आणून, कौतुकाने, "लय भारी ग्रंथ हाय. सकाळी त्या राजेश्री मातेचं वर्णन आलं तवा बायांच्या डोळ्याला पाणी आलं. नवरा रातंध्या लिवत बसायचा अन् तिनं म्हणं लय सोसलं."

ऋणनिर्देशात मी बायकोचे आभार मानले होते, त्याचं हे झालं होतं. मार्गदर्शकांच्या आभारांना गुरुवंदना समजून गावाने फुलं वाहिली होती. 'विद्यावाचस्पती पदवीसाठी सादर' या ओळीला तर उभं राहून नमस्कार झाला होता म्हणे.

"पण मावशी, तुम्हाला यातलं कळलं तरी का?"

"कळाया लागलं तर त्याला पोथी कशाला म्हणावं?" सगुणाबाई म्हणाल्या.

मराठवाड्यातल्या सामाजिक शास्त्रांच्या भाषेवर इतकी नेमकी टीका मी आजवर कुठल्या परिसंवादात ऐकली नाही.

मी वाकून बुवांपर्यंत गेलो, कानाशी लागलो. त्यांनी न थांबता डाव्या हाताने मला माशीसारखं बाजूला केलं. प्रकरण मध्ये सोडता येत नाही, वाचणाऱ्याला बोलता येत नाही, उठता तर मुळीच येत नाही, सप्ताह खंडित होतो. तेव्हा मी बसलो. स्वतःचा प्रबंध मांडी घालून ऐकत बसलो. गृहीतकं ऐकली. मर्यादा ऐकल्या. मध्येच मलासुद्धा वाटलं, की हे लिहिणारा पुरुष थोर असला पाहिजे.

'प्रकरण तिसरे समाप्त' याला टाळांचा गजर झाला, आरती झाली, आणि मी माझ्याकडची खरी पोथी पुढे करून बुवांना सगळं सांगितलं. बुवांनी दोन्ही ग्रंथ मांडीवर उघडले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग परिपत्रकातल्या कुठल्याच मरूनमध्ये बसणारा नव्हता.

"म्हंजी सकाळपासून आमी..."

"स्वच्छतेविषयी मनोवृत्ती," मी म्हणालो.

"घ्या मंग तुमचं तुमी, अन् आमचं आमाला द्या," असं ते म्हणाले असते तर ही गोष्ट इथे संपली असती. पण बुवा नियमाचे. संकल्प सोडला तो या ग्रंथावर. बसवलेला ग्रंथ असा अर्ध्यातून उठवायचा नसतो. मी घड्याळ दाखवलं, नोंदणी रद्द होईल म्हणालो, रडायचाच बाकी होतो. बुवांनी बराच विचार केला आणि तोड काढली. पहिलं आणि शेवटचं वाचलं की मधलं घडलं असं धरता येतं. तेवढं शेवटचं प्रकरण वाचायचं, ग्रंथाची सांगता करायची, मग खरी पोथी बसवायची.

"पण आमचा घसा बसला. ते यादृच्छिक का काय, त्यानं जीभच सोलली. वाचणार कोण?"

एवढ्यात योगीराजांनी माइक हातात घेतला. मी त्यांना चहा प्यायला पाठवलं होतं. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "या महान ग्रंथाचे कर्ते खुद्द आपल्यात बसलेले हायत. ते बघा, खांबाच्या मागं."

मला हार घालण्यात आला. गंध लावण्यात आलं. आसनावर बसवण्यात आलं. माणसाला फासावर देतानाही एवढा आदर करत नसतील.

शेवटचं प्रकरण म्हणजे निष्कर्ष. पहिल्या रांगेत माजी सरपंच दिनकरराव, फेटा बांधून, डोळे मिटून बसलेले. मी सुरुवातीची पानं वाचली. माना डोलत होत्या. मग तो परिच्छेद आला. त्यात गावाचं नाव ठळक अक्षरांत. नाव ऐकताच मांडवातल्या झाडून सगळ्या माना थांबल्या. दिनकररावांनी एक डोळा उघडला.

माझ्यातला संशोधक तिथेच मेला. उरलेल्या गृहस्थाने वाचायला सुरुवात केली, "सदर गावातील नागरिक अत्यंत स्वच्छताप्रिय, सुसंस्कृत आणि..."

कागदावर एक बोट आलं. लिंबाजीबुवांचं. वाचणाऱ्याची ओळ चुकू नये म्हणून शेजारी एकाने बोट धरून बसायचं, ही तिथली रीत.

"पोथीत असं न्हाई," बुवा माइकमध्येच म्हणाले. "हाय तेच वाचा."

"बुवा, हा भाग जरा..."

"अक्षर गाळलं तर दोष लागतो. वाचा."

मी वाचलं. "सदर गावातील प्रत्येक उत्तरदात्याने आपल्या घरासमोरील नाली स्वच्छ असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष निरीक्षणात नाली आढळून आली नाही. ती कचऱ्याखाली होती."

मांडवात कुणाचा टाळ हातातून पडला.

"अस्वच्छतेस जबाबदार कोण, या प्रश्नाला प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाव सांगितले."

शेजारी शेजाऱ्याकडे बघायला लागले. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "कोणतं शेजारी गं? उजवीकडलं का डावीकडलं?"

बुवांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "एका माजी पदाधिकाऱ्याने सार्वजनिक नाली आपल्या गोठ्यासाठी वळविल्याचे इतर सर्व उत्तरदात्यांनी, नाव न सांगण्याच्या अटीवर, एकमुखाने सांगितले."

माजी पदाधिकारी गावात एकच होते. त्यांनी दुसराही डोळा उघडला.

"अगं बाई," सगुणाबाई मोठ्याने म्हणाल्या, "एवढं मातर समदं कळालं!"

शिफारशी मी कशा वाचल्या, आठवत नाही. 'समाप्त' म्हटलं तेव्हा मांडवातला एकही हात जोडलेला नव्हता. पण सांगता म्हणजे सांगता. बुवांनी जयघोष केला, लोकांनी दिला. रागात दिला, पण दिला. नंतर वाचणाऱ्याच्या पाया पडायची रीत असते. तीही कुणी मोडली नाही. आख्खा गाव रांगेने आला आणि एकेक जण दातओठ खात माझ्या पाया पडला. दिनकरराव वाकले तेव्हा त्यांचा फेटा माझ्या गुडघ्याला लागला.

"सर," ते हळूच म्हणाले, "परत या गावात. एकटे या."

मी प्रबंध उचलला आणि हारासकट मोटारीत बसलो. विद्यापीठाच्या वाटेवर योगीराज एवढंच म्हणाले, "गोठ्याचं माइकवर नव्हतं वाचाया पायजे."

बाबू कुलपाची किल्ली बोटात फिरवत होता. मी चारही प्रती टेबलावर ठेवल्या. त्याने मूळ प्रत उचलून, कव्हरवरचं महाराजांचं नाव न वाचताच, खिडकीशी नेली, खोचलेल्या प्रबंधाला लावून पाहिली. "रंग जरा..." म्हणत त्याने ती उघडली. पानांतून अक्षता, तुळशीची पानं आणि बुक्का टेबलावर सांडला. मार्गदर्शकांच्या सहीवर कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलं होतं. मग त्याने पायातल्या चपला काढल्या, प्रत कपाळाला लावली आणि काही न विचारता शिक्का मारला.

पोच घेऊन मी बाहेरच्या पायरीवर बसलो. झालं. मुदतीत झालं. राजेश्रीला फोन करायला मोबाईल काढला, तर तोच वाजला.

"सर, मी सगुणाबाई. नंबर योगीराजभाऊंकडून घेतला."

मी योगीराजांकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहायला लागले.

"तुमी गेल्याबरूबर समदे उठले," सगुणाबाई सांगत होत्या. "फावडे घेतले अन् नाली उपसायला लागले. दिनकररावांनी सोता गोठ्याकडलं बांधकाम फोडलं. पाणी खळखळा जायलंय बगा. पोरींनी फोटो काढलेत."

माझ्या डोक्यात आधी आनंद आला. मग समाजशास्त्र आलं. पोचवरची शाई वाळायच्या आत माझा मुख्य निष्कर्ष खोटा झाला होता. तीन वेगवेगळ्या तक्त्यांनी सिद्ध केलेली घाण आता त्या गावात नव्हती.

"छान झालं," मी कसंबसं म्हणालो.

"छान कशाचं? तुमी लिवलंय ते आता लबाड ठरलं न्हवं का? गाव म्हणायलंय, हे असंच राहू द्यायचं न्हाई. योगीराजभाऊ सांगत हुते, तुमची तोंडी परीक्षा असती, अन् ती समद्यांसाठी खुली असती, कुणीबी येऊन प्रश्न इचारू शकतंय. खरं हाय का?"

खरं होतं. परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मंग दिनकररावांनी टेम्पो सांगितलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "तारीख तेवढी कळवा. अन् सर, तिथं माइक असंल न्हवं?"